रविवारीच सगळा स्वयंपाक की नुसती पूर्वतयारी?

सोमवार ते शुक्रवार घरातले दोन-तीन डबे भरायचे असतील, तर रविवारी दोन मार्ग असतात. एक म्हणजे भाज्या-आमट्या शिजवूनच फ्रिजमध्ये ठेवायच्या. दुसरा म्हणजे निवडणं, चिरणं, वाटणं, मोड आणणं एवढं उरकायचं आणि फोडणी रोज सकाळी घालायची. माझा कौल दुसऱ्याला आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही.

शिजवून ठेवलं की सकाळी फक्त पोळ्या उरतात, हे सुख मोठंच. पण त्याचा हिशेब बुधवारी संपतो. शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये 4 अंश सेल्सिअसच्या आत 3 ते 4 दिवसच ठेवावं. गुरुवार-शुक्रवारसाठी फ्रीझर लागतो आणि तिथे आपले सगळेच पदार्थ टिकत नाहीत. छोले, राजमा, टोमॅटोचं सार उत्तम राहतं; बटाटा रवाळ होतो, पालेभाजीची चव उतरते. भात तर रोजच लावावा. तांदळातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर तसाच राहिला तर ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

नुसत्या तयारीत मात्र थोड्या कष्टात बरंच हाती लागतं. मूग-मटकी शनिवारी सकाळी भिजत घातली आणि रात्री फडक्यात बांधली की रविवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. थंडीत मटकीला आणखी वेळ द्यावा. मेथी-पालक निवडून, न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळला तर 3 दिवस ताजा राहतो. ओला राहिला की सडलाच. गवार, फरसबी, कोबी चिरून ठेवायला हरकत नाही. भेंडी अख्खीच ठेवावी, धुतली तर पुसून अगदी कोरडी करावी. वांगं-बटाटा आधी चिरू नये, काळा पडतो. कांदा आणि सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण आमटीला, उसळीला, भरल्या वांग्यांना सगळीकडे चालतं. निम्मं फ्रिजमध्ये, निम्मं फ्रीझरमध्ये. ओल्या नारळाचं वाटण लवकर आंबतं, त्यावर भिस्त ठेवू नये. दाण्याचं कूट आणि सोललेला लसूण तयार असला तर सकाळची निम्मी धावपळ वाचते.

माझ्या मते खरा फरक माणसांचा आहे. चार भाज्या शिजवायच्या म्हटलं की रविवारची दुपार एकाच व्यक्तीची जाते, आणि ती व्यक्ती बहुतेक घरांत बाईच असते. मटार सोलणं, मेथी निवडणं, लसूण सोलणं हे मात्र टीव्हीसमोर बसून आजोबाही करतात आणि आठवीतला मुलगाही. चार हात लागले तर काम दीड तासात आटोपतं. सकाळी मग फोडणी, भाजी, पोळ्या धरून पाऊण तास लागतो. तो द्यावाच लागतो, हे आधीच मान्य करावं.

तो पाऊण तासच नसेल तर पहिला मार्ग घ्या. रात्री नऊनंतर घरी येणारे, शिफ्टमध्ये काम करणारे, एकटे राहणारे यांना शिजवून ठेवणंच परवडतं. एकट्या माणसाची तर रोजची अर्धी वाटी भाजी करण्यात गॅस आणि जीव दोन्ही जातात. फक्त वीज सारखी जाणाऱ्या गावात फ्रीझरच्या भरवशावर राहू नका.



तयारीचा मार्ग घेतलात तर बुधवारी संध्याकाळी अर्ध्या तासाची दुसरी फेरी ठेवा: ताजी पालेभाजी आणून निवडायची आणि गुरुवार-शुक्रवारचं चिरून ठेवायचं. रविवारी छोले मात्र दुप्पट शिजवा आणि निम्मे लगेच फ्रीझरमध्ये टाका. बुधवारी रात्री डबा खाली फ्रिजमध्ये उतरवला की गुरुवारच्या भाजीची काळजी मिटते.