लुकअपच्या फेऱ्यांवर कॅफीनचा उतारा

गोव्यात पर्वरीत बसून हॉटेल-होमस्टेच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा कॅफीन नावाच्या जावा लायब्ररीचं हे परीक्षण जावावाल्यांसाठी. कॉफीच्या शोधात आलेल्यांनी माफ करावं.

आमच्या जवळपास प्रत्येक पानाला तोच तोच शोधून आणायचा (लुकअप) डेटा लागतो: १२ तालुके, १९१ पंचायती, खोल्यांचे प्रकार, जीएसटीचे दर. वर गिऱ्हाईक मराठीत बघतंय की इंग्रजीत, त्यावर तालुक्याचं नाव बारदेश दाखवायचं की बार्देझ ते ठरतं. एवढ्यासाठी दर वेळी डेटाबेसचं दार वाजवलं तर डिसेंबरच्या गर्दीत कनेक्शन पूल (डेटाबेसच्या मोजक्या जोडण्यांचा साठा) मान टाकणारच.

कॅफीन ही बेन मेन्सची ओपन सोर्स लायब्ररी, एकदा आणलेलं उत्तर मेमरीत जवळ ठेवणारी, म्हणजे कॅश. गूगलच्या ग्वावा लायब्ररीची कॅश वापरली असेल तर हात लगेच बसतो. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कनेही पाचव्या आवृत्तीत ग्वावाला निरोप दिला आणि कॅफीन ठेवली.

मला सगळ्यात आवडलं ते गर्दीतलं वागणं. एकच 'की' (ज्या खुणेने नोंद शोधायची ती किल्ली) शंभर थ्रेडनी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी, एकदम मागितली तरी डेटाबेसमधून उत्तर आणणारा लोडर एकदाच चालतो, बाकीचे थांबतात. 'रिफ्रेशआफ्टरराइट' लावलं की मुदत उलटल्यावर पहिल्या मागणाऱ्याला जुनं उत्तर लगेच मिळतं आणि नवं मागच्या मागे येतं. तेव्हाच डेटाबेस आडवा झाला तर जुनंच टिकतं. मात्र जुनं कुठवर चालवून घ्यायचं याची हद्द 'एक्स्पायरआफ्टरराइट'ने घालाच. जागा करताना कॅफीन किती वेळा मागणी झाली हेही बघते, त्यामुळे एखाद्या रिपोर्टने अख्खं टेबल एकदा चाळलं म्हणून रोजच्या नोंदी सहसा बाहेर फेकल्या जात नाहीत.

खटकलं ते नल, म्हणजे 'काहीच सापडलं नाही' हे उत्तर. लोडरने नल दिला तर काहीच साठत नाही. चुकीचा पंचायत कोड येत राहिला की दर वेळी डेटाबेसची फेरी. उत्तर ऑप्शनलमध्ये ('असेल किंवा नसेल' असं सांगणाऱ्या जावाच्या वेष्टनात) गुंडाळून ठेवा. कॅश किती कामी आली याची आकडेवारीही मुळात बंद असते, 'रेकॉर्डस्टॅट्स' आठवणीने लिहावं लागतं.

खरी मर्यादा वेगळीच. ही कॅश त्या त्या जेव्हीएमच्या (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) पोटात. आमचे सर्व्हर दोन. एकावर साफ केलं तर दुसऱ्याला पत्ता नाही. मग लोक लगेच रेडिस, म्हणजे सगळ्या सर्व्हरची सामाईक कॅश, उभं करायला धावतात. आमच्या आकाराला 'की'ची नीट आखणी पुरली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमची 'की' म्हणजे करप्रकार आणि तारीख मिळून एक रेकॉर्ड. जुना दर जुन्या तारखेला, नवा नव्या. मध्यरात्री कोणी जागं राहून कॅश झाडायची गरज नाही. पुढच्या तारखांचं बुकिंग आधीच झालेलं असतं, म्हणून नवी ओळ टेबलात आदल्या दिवशीच घालायची आणि मुदत तासाभराची ठेवायची, दोन्ही सर्व्हर आपोआप ताळ्यावर येतात. तारीख बिलाची धरायची की मुक्कामाची, हा वाद अकाऊंटवाल्यांनी घालावा.

अजून जावा ८ वर असाल तर २.x घ्या, ३.x ला किमान जावा ११ लागतं. स्प्रिंगचं 'कॅशेबल' (मेथडचं उत्तर कॅशमध्ये ठेवायची खूण) त्या मेथडला त्याच क्लासमधून हाक मारली तर चालत नाही. तो दोष स्प्रिंगच्या प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या दलालाचा, शिव्या कॅफीनला घालू नका.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण आकडेवारी बंद ठेवल्याबद्दल कापला.