रेंज रिक्वेस्ट: स्वतःच्या कोडमध्ये की एन्जिनएक्सकडे?

व्हिडिओ मधूनच पुढे सरकवणं असो की तुटलेलं डाउनलोड तिथूनच चालू करणं, दोन्ही रेंज हेडरवर (फाइलचा कोणता भाग हवा ते ब्राउझर यात सांगतो) चालतं. ते तुमच्या कोडने सांभाळायचं की एन्जिनएक्स या वेब सर्व्हरने, हे फाइल कुठे आहे त्यावर ठरवा. ती सर्व्हरच्याच डिस्कवर असेल तर कोड लिहू नका.

स्वतःचा कोड

वीस ओळींचं काम वाटतं, आणि फसतं ते इथेच. सफारी व्हिडिओ लावण्याआधी ‘बाइट्स=०-१’ मागून बघतो. शेवटचा आकडाही धरायचा असतो, म्हणजे एकूण दोन बाइट. १०४८५७६ बाइटच्या फाइलला उत्तर असं हवं: स्टेटस २०६ (फाइलचा तुकडा), कंटेंट-रेंज ‘बाइट्स ०-१/१०४८५७६’, कंटेंट-लेंग्थ २. तुम्ही २०० देऊन अख्खी फाइल पाठवलीत तर क्रोममध्ये व्हिडिओ चालेल, सफारीत नाही, आणि संशय विनाकारण कोडेकवर (व्हिडिओच्या एन्कोडिंगवर) जाईल.

‘-५००’ म्हणजे शेवटचे ५०० बाइट. मागणीचा शेवट फाइलबाहेर गेला तर छाटायचा. सुरुवातच बाहेर असेल तर ४१६ (हा भाग देता येत नाही) आणि ‘बाइट्स */१०४८५७६’. फाइल पूर्ण मेमरीत वाचून तुकडा कापू नका. सीक करून (थेट त्या जागी जाऊन) ६४ केबीच्या घासांनी पाठवा.

गो भाषा वापरत असाल तर सर्व्हकंटेंट हे फंक्शन हे सगळं करतं. बाकी हा मार्ग फक्त वाचतावाचता डिक्रिप्ट होणाऱ्या किंवा तयार होत जाणाऱ्या मजकुरासाठी.

एन्जिनएक्सकडे सोपवणं

लॉगिन तपासायचं आहे म्हणून फाइलही ॲपनेच पाठवायला हवी असं नाही. ॲपने परवानगी तपासून रिकाम्या उत्तरात एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट हेडर द्यायचं. ‘इंटर्नल’ लिहिलेल्या लोकेशनमधून फाइल एन्जिनएक्स देतो, रेंजसकट. संथ नेटवाला ग्राहक ॲपचा वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) अडवून ठेवत नाही, हा मोठा फायदा. हेडरमधलं फाइलचं नाव यूआरएल-एन्कोड करूनच द्या, नाहीतर नावात % किंवा ? आलं की फाइल सापडत नाही.

दोन गोष्टी इथेही नडतात. जीझिप कॉम्प्रेशन लागलं की एन्जिनएक्स त्या उत्तरावर रेंज बंद करतो, तेव्हा जीझिपच्या यादीत पीडीएफ आणि व्हिडिओ नकोत. दुसरी: त्याचा ईटॅग (फाइलची आवृत्ती ओळखायची खूण) फाइलची वेळ आणि आकार यांवरून बनतो. लोड बॅलन्सरमागे (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्यामागे) दोन सर्व्हर असतील आणि कॉपी करताना वेळ बदलली असेल, तर इफ-रेंज हेडरमधली जुनी खूण जुळत नाही आणि ९०% झालेलं डाउनलोड शून्यापासून सुरू होतं. कॉपी करणाऱ्या आरसिंकला वेळ जपणारा ‘-टी’ पर्याय द्या.

फाइल दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर

एन्जिनएक्सचं नुसतं प्रॉक्सी कॅश (त्या सर्व्हरवरून आणलेलं साठवून ठेवणं) पुरत नाही. २ जीबीच्या फाइलचा शेवट मागितला तरी कॅश भरायला मूळ सर्व्हरवरून अख्खी फाइल आणली जाते, तोवर बघणारा ताटकळतो. यासाठी फाइल ठरावीक आकाराच्या तुकड्यांनी मागवणारं स्लाइस मॉड्यूल (एन्जिनएक्स १.९.८ पासून, सोर्सवरून बिल्ड करताना वेगळं चालू करावं लागतं). १ एमबीचा स्लाइस ठेवलात तर त्या फाइलचे २०४८ तुकडे, १० एमबीचा ठेवलात तर २०५. मोठ्या व्हिडिओंना दुसरा बरा. कॅश-कीमध्ये (साठवलेलं ज्या नावाने शोधलं जातं त्यात) स्लाइस-रेंज, म्हणजे तुकडा कोणता ते, हवीच आणि २०६ स्टेटसचं उत्तरही कॅश व्हायला हवं. मूळ फाइल त्याच नावाने बदललीत तर जुने-नवे तुकडे जुळत नाहीत, कनेक्शन तुटतं. नवी फाइल, नवं नाव.

कोणताही मार्ग घ्या, एका रिक्वेस्टमधल्या रेंजवर मर्यादा हवी. २०११ मध्ये एकमेकींवर चढणाऱ्या शेकडो रेंज पाठवून अपाचे हा वेब सर्व्हर आडवा पाडता येत होता. एन्जिनएक्समध्ये मॅक्स-रेंजेस १ ठेवा. जास्त मागणाऱ्याला सरळ पूर्ण फाइल मिळते.