अफगाण चर्च, कुलाबा: पाट्या वाचायला वेळ ठेवून जा

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये सुभेदार होते. या बटालियनला ‘काली पांचवीन’ म्हणतात, कारण इंग्रजांच्या काळात ती मुंबई फौजेची पाचवी पलटण होती. साताऱ्याकडच्या आमच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली की वडील काहानची गोष्ट सांगायचे. १८४० साली बलुचिस्तानातल्या त्या गढीला मर्री टोळ्यांनी वेढा घातला होता आणि या पलटणीच्या मूठभर शिपायांनी ती ऐन उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत लढवली. त्यांच्या सुटकेला निघालेली फौज नफुस्कच्या खिंडीत अडली, आणि त्यातली कितीतरी माणसं पाण्यावाचून गेली. गोष्ट इथवर आली की वडील तांब्या उचलून पाणी प्यायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, तेही गोष्टीतच आहे.

काहानची लढाई इंग्रजांच्या अफगाणिस्तान आणि सिंधवरच्या मोहिमांतली. त्याच मोहिमांत मेलेल्यांच्या आठवणीसाठी मुंबईत हे अफगाण चर्च बांधलं आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. इतकी वर्षं डोंबिवलीत काढली, फोर्टात नोकरी केली, आणि तिथून बसने जेमतेम अर्ध्या तासावरची ही वास्तू पाहिली नव्हती. गेल्या महिन्यात नातीला घेऊन गेले. ती नववीत आहे आणि चित्रं काढते.

आधी जायचं कसं ते सांगते. सीएसएमटीहून नेव्हीनगरकडे जाणारी बेस्टची बस धरा आणि थांबा ‘अफगाण चर्च’च सांगा. पुढे ‘आर. सी. चर्च’ नावाचा दुसरा थांबा आहे, त्यात गल्लत होते. आमचा टॅक्सीवाला नेमका तिकडेच घेऊन गेला आणि आम्हाला उन्हात मागे चालत यावं लागलं. परतताना मात्र बसने आलो. ससून डॉकपाशी खिडकीतून मासळीचा वास आत आला, तेव्हा आपण बेटावर आहोत याची खात्री पटली. कुलाबा पूर्वी मुंबईपासून सुटं बेट होतं. ओहोटीची वाट पाहूनच पलीकडे जाता यायचं. कॉजवे झाला १८३८ साली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी मुंबईची फौज गलबतांतून सिंधूच्या मुखाकडे रवाना झाली.

रस्त्यावरून आधी दिसतो तो मनोरा. १९८ फूट उंच, वर निमुळता होत गेलेला. ही जागा देताना सरकारने अट घातली होती की बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दिसेल असा मनोरा बांधला पाहिजे. पण चर्च पुरं होऊन ७ जानेवारी १८५८ रोजी त्याचा प्रतिष्ठा विधी झाला, तेव्हा मनोऱ्याला पैसे उरले नव्हते. तो १८६५ साली पुरा झाला. त्यासाठी मुंबईकरांनीही हात दिला, कावसजी जहांगीर यांनी ७,५०० रुपये दिले. आता भोवती उंच इमारती झाल्या आहेत. तरी झाडांच्या शेंड्यांवरून तो एकदम समोर येतो तेव्हा माणूस थबकतोच.

चर्चचं कागदोपत्री नाव सेंट जॉन द इव्हँजलिस्ट. ते विचारलंत तर रस्त्यावर कोणी सांगणार नाही, अफगाण चर्चच म्हणा.

आत पाऊल टाकलं आणि नात माझ्या कानात म्हणाली, “आजी, किती उंच आहे गं.” उंची अंगावर येत नाही, हे मला फार आवडलं. टोकदार कमानी एकामागे एक लागलेल्या, त्यांच्यावर लाकडी छप्पर, आणि भिंतींत उभ्या, अरुंद खिडक्या. बाहेरून भिंतींना दगडी टेकू दिलेले आहेत, म्हणून आतली भिंत इतकी वर नेता आली. दगड कुर्ल्याचा आहे. रंगीत काचा इंग्लंडमधून आल्या, विल्यम वेल्स या नामांकित कारागिराच्या कारखान्यातून. वेदीच्या मागची सजावट आणि फरशांची नक्षी विल्यम बटरफील्ड या वास्तुविशारदाची. सकाळी जा असं मी आग्रहाने सांगेन. वेदी पूर्वेला आहे, त्यामुळे उजेड तिच्या मागून येतो आणि फरशीवर निळा-तांबडा सांडतो. नातीने चित्राची वही काढली आणि खाली बसली. मी तिला उठवलं नाही.

हे चर्च उभारलं हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने. विहार तलावाची योजनाही त्याचीच. मुंबईला नळाने पाणी पोचवणारा आणि पाण्यावाचून मेलेल्यांचं स्मारक बांधणारा माणूस एकच. हे मला तिथे बसल्यावर उमजलं आणि वडिलांचा तांब्या डोळ्यांसमोर आला.

आता पाट्यांकडे येते, कारण माझ्या मते या भेटीचं सार तिथे आहे. वेदीकडच्या भिंतींवर अफगाणिस्तान आणि सिंधच्या मोहिमांत गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. पलटणीवार, नीट. मी एकेक वाचत गेले. त्यांच्या जोडीला जो स्मरणलेख आहे, त्याचा आशय असा: हे चर्च वर लिहिलेल्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची संख्या फार असल्याने नावं अशी नोंदता आली नाहीत त्या हाताखालच्या शिपायांच्या स्मृतीसाठी बांधलं आहे. ते कर्तव्याची जाण ठेवून आजाराने किंवा तलवारीने पडले.

संख्या फार, म्हणून नावं नाहीत. हे वाक्य मी तीनदा वाचलं. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेतलेल्या बंगालच्या फौजेत साडेचार हजारांच्या आसपास सैनिक होते, त्यांतले बहुतेक हिंदी शिपाई. शिवाय बारा हजारांच्या घरात बाजारबुणगे, बायका, मुलं. बर्फात सगळी वाताहत झाली. तिकडे सिंध आणि बलुचिस्तानात मुंबईच्या पलटणी होत्या, आणि त्यांत कोकणातली, देशावरची माणसं होती. ज्यांच्या घरी निरोपही गेला नसेल अशी. त्यांच्यासाठी सबंध भिंत जरी दिली असती तरी पुरली नसती, हे मान्य. पण पुरली नसती म्हणून एकही नाव नाही, हे मला पटत नाही, आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते. त्या लेखासमोर उभं राहून मी वडिलांच्या पलटणीचं नाव मोठ्याने घेतलं. चर्चची देखभाल करणारे गृहस्थ जवळच होते. ते म्हणाले, “मावशी, घ्या अजून. कोणी येत नाही हे वाचायला.” त्यांनी मला एक खुर्ची आणून दिली.

काही उपयोगाच्या गोष्टी. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पेटीत आपण आपल्या इच्छेने टाकायचे. इथे आजही प्रार्थना होते, त्यामुळे रविवारी गेलात तर ती संपेपर्यंत मागच्या बाकावर शांत बसा, मग फिरा. इतर दिवशी दार उघडं असेलच असं धरून जाऊ नका, आवारात विचारा. फोटो काढण्याआधीही विचारा. काही पाट्या अंधाऱ्या कोपऱ्यात आहेत, तर छोटी बॅटरी किंवा निदान मोबाइलचा दिवा लागतो. माझ्यासारखा चष्मा असेल तर तो वाचायचा घ्या, लांबचा नको. लेख इंग्रजीत आहेत, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांना नेत असाल तर आधी चार ओळी मराठीत उतरवून न्या. मी माझ्या थोरल्या भावासाठी तशा लिहून ठेवल्या आहेत, जानेवारीत त्याला घेऊन जायचं आहे.

मनोऱ्यात आठ घंटा आहेत, १९०४ साली इंग्लंडहून आणलेल्या. आम्ही होतो तोवर त्या वाजल्या नाहीत. निघताना नातीने वही दाखवली. तिने खिडक्या काढल्या असतील असं मला वाटलं होतं. तिने स्मरणलेखाची भिंत काढली होती, आणि नावांच्या खालची मोकळी जागा बारीक-बारीक उभ्या रेघांनी भरत नेली होती. “अजून संपल्या नाहीत,” ती म्हणाली. म्हणून आम्ही एक बस सोडली आणि ती पुन्हा आत जाऊन बसली.