नऊ महिने डार्क चॉकलेट: पाकीट उलटं धरून वाचताना

गेल्या ऑगस्टात माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी, ६.१ आलं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, फक्त विचारलं, "रात्री जेवणानंतर गोड काय खाता?" आमच्या घरी जेवण झालं की डब्यातली बर्फी नाहीतर गुळाचा खडा तोंडात गेल्याशिवाय कुणी पाटावरून उठत नाही. ती सवय मोडणं माझ्याच्याने होणार नव्हतं, म्हणून बर्फीच्या जागी डार्क चॉकलेट आणलं. तेव्हापासून आज मे उजाडला. पंधराएक प्रकारचे बार खाऊन झाले, ५५ टक्क्यांपासून थेट ९९ पर्यंत.

पहिली चूक ५५ची. 'डार्क' लिहिलंय म्हणजे झालं, असं समजून आठवडाभर निवांत खाल्लं. मग एकदा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून झूम करून मागची बारीक अक्षरं वाचली, तर घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात हे मला माहीत होतं, त्यामुळे आधी वाटलं की कंपनी फसवतेय. पण फसवणूक नव्हती. टक्का हा कोकोच्या एकूण ऐवजाचा असतो, म्हणजे कोको मास (कोकोच्या बिया वाटून केलेला लगदा) आणि वरून घातलेलं कोको बटर (त्याच बियांतली चरबी) मिळून. यादीत मात्र ही दोन नावं वेगवेगळी येतात. समजा मास ४० आणि बटर १५, तर झाले ५५. उरलेल्या ४५ मध्ये जवळपास सगळी साखरच, आणि ती एकटी ४० पेक्षा जास्त, म्हणून तिचा नंबर पहिला. थोडक्यात, ५५ टक्के डार्क म्हणजे जवळजवळ निम्मी साखर.

७० वर आल्यावर वाटलं, आता प्रश्न मिटला. पण दोन वेगळ्या कंपन्यांचे ७० चे बार शेजारी ठेवले तर चवीत जमीनअस्मानाचा फरक. एक लोण्यासारखा विरघळणारा, रंगाने जरा उजळ. दुसरा काळाकुट्ट, जिभेला कोरडा, कच्च्या सुपारीसारखा तुरट. मागचा तक्ता पाहिला तर पहिल्यात १०० ग्रॅमला ४६ ग्रॅम फॅट, दुसऱ्यात ३९. पहिल्याच्या ७० मध्ये कोको बटरचा वाटा जास्त. ते वाईट नाही, पण लोक ज्या गुणांसाठी डार्क खातात ते फायबर, लोह, मॅग्नेशियम, फ्लॅव्हॅनॉल (कोकोतली गुणकारी मानली जाणारी वनस्पतिद्रव्यं) हे सगळं कोकोच्या कोरड्या भागात असतं, बटरमध्ये नाही. तेव्हापासून समोरचा आकडा सारखा असला की मी फॅट आणि प्रोटीन बघते. फॅट कमी आणि प्रोटीन जास्त, तो बार घ्यायचा.

आता स्वयंपाकघरातल्या काट्यावरचा हिशेब. माझ्या नेहमीच्या बारची एक वडी १० ग्रॅमची. ७० च्या एका वडीत साखर साधारण ३ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी. हे ऐकायला छान वाटतं. पण ७० ते ८५ टक्क्यांच्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये सहाशेच्या आसपास कॅलरी असतात आणि सॅच्युरेटेड फॅट २४ ग्रॅम. आपल्याकडच्या लेबलवर दिवसभराची मर्यादा २२ ग्रॅम धरतात, म्हणजे १०० ग्रॅमचा एक अख्खा बार त्या मर्यादेच्या पुढे जातो. कोको बटरमधला मोठा हिस्सा स्टिअरिक आम्लाचा, ते कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही म्हणतात, ते खरंही आहे. पण कोलेस्टेरॉल वाढवणारं पामिटिक आम्लही त्यात भरपूर असतं. साखर कमी म्हणून मी पहिल्या महिन्यात रोज चार वड्या खात होते. वजन दीड किलो वाढलं. आता दोन.

वेळही बदलावी लागली. रात्री नऊनंतर ८५ च्या चार वड्या खाल्ल्या की मी बारापर्यंत छताकडे बघत पडायची. कॅफिन त्यात तसं थोडंच, चार वड्यांना एका कप चहाइतकं, पण सोबत त्याच्या दसपट थिओब्रोमीन, म्हणजे कॅफिनचंच भावंड, असतं आणि तेही थोडंफार उत्तेजक आहे. (हेच थिओब्रोमीन कुत्र्यांना विष ठरतं. शेजारच्या मोतीला लाडाने तुकडा देणाऱ्या माझ्या भाच्याला हे दोनदा सांगावं लागलं.) आता दोन वड्या दुपारी चारच्या बिनसाखरेच्या चहासोबत, आणि रात्री बडीशेप.

'शुगर फ्री' डार्कचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका कंपनीचा बार आणला, साखरेच्या जागी माल्टिटॉल नावाचा पर्यायी गोडवा. चव अगदी साखरेसारखी, म्हणून अमरावतीला जाताना एसटीत अर्धा बार संपवला. तळेगाव येईपर्यंत पोटात जे काही सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात, ही सूचना पाकिटावर छापलेली होती, अगदी चिकटवलेल्या घडीच्या खाली. शिवाय माल्टिटॉलने रक्तातली साखर वाढतच नाही असंही नाही. साखरेपेक्षा कमी वाढते, एवढंच. तो प्रकार माझ्यासाठी बंद.

मागच्या बाजूला अजून दोन-तीन शब्द शोधते. कोको बटरच्या जागी हायड्रोजिनेटेड वनस्पती तेल दिसलं की पाकीट परत फळीवर. ते कंपाउंड. तोंडात टाकल्यावर मेणासारखं टाळूला चिकटून बसतं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर आपोआप विरघळतं. सोया लेसिथिन, म्हणजे आयएनएस ३२२, याची मला भीती वाटत नाही. मिश्रण पातळ वाहावं म्हणून ते चिमूटभर घालतात. 'अल्कलीने प्रक्रिया केलेला कोको' असेल तर मात्र मी दुसरा बार बघते. त्याने कडूपणा मऊ होतो, रंग गडद होतो, आणि फ्लॅव्हॅनॉल बरेच उडून जातात. म्हणजे जितकं काळं तितकं गुणाचं, हा समज तिथेच संपतो.

हृदयासाठी चांगलं, याबद्दल माझा उत्साह आता मावळलाय. अमेरिकेत कॉसमॉस नावाची मोठी चाचणी झाली, एकवीस हजारांहून जास्त ज्येष्ठांवर, निकाल २०२२ मध्ये आले. रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल दिले होते. हृदयविकाराच्या एकूण घटना म्हणाव्या तशा कमी झाल्या नाहीत. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. आणि हे सगळं कॅप्सूलमधून, चॉकलेटमधून नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्याच कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने २८ डार्क बार तपासले, सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू सापडले. कॅडमियम झाड मुळांतून मातीतलं ओढतं, शिसं बिया वाळवताना धुळीतून चिकटतं. कोको जितका जास्त तितकी ही शक्यताही जास्त. मी खाणं थांबवलं नाही, पण एकच ब्रँड महिनोन्‌महिने खात नाही, आणि भाच्याला रोज देत नाही.

चवीचं म्हणाल तर सगळ्यात आवडला केरळातल्या, इडुक्कीच्या बियांचा ७० टक्क्यांचा बार. बिया वाळवण्याआधी काही दिवस आंबवतात, त्या आंबवण्याची हलकी आंबट झाक त्यात लागते, आवळा सुपारीची आठवण यावी अशी. ९९ मी तीन वेळा खाल्लं. तिसऱ्यांदा खाताना सासूबाई म्हणाल्या, "पैसे देऊन काढा पिऊन राहिली का गं?" उरलेला बार किसून दुधात संपवला.

आणि नागपूरचा उन्हाळा. एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवलेलं पाकीट दुपारी दोनला दारात आलं, वितळून पुन्हा घट्ट झालेलं, वड्यांच्या रेघा गायब. परत घेणार नाही म्हणाले. दोन दिवसांत त्यावर पांढुरका थर चढला. सासूबाई बुरशी समजून टाकायला निघाल्या होत्या. बुरशी नव्हती, वितळलेलं कोको बटर वेगळ्या स्फटिकांत जमून वर आलं होतं. खायला चालतं, पण तोडताना होणारा 'टक्' आवाज जातो आणि दाताखाली खडूसारखं लागतं. दुसरा बार नुसताच फ्रिजमध्ये ठेवला, तर त्याला लसणाच्या चटणीचा वास लागला. आता घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि खायच्या आधी पंधरा मिनिटं डबा न उघडता बाहेर, नाहीतर ओल धरून पृष्ठभाग खरखरीत होतो.

मार्चमध्ये एचबीएवनसी ५.८ आलं. पण याच काळात चहातली साखर सुटली आणि अंबाझरी तलावावर रोज चाळीस मिनिटं चालणं सुरू झालं, तेव्हा श्रेय चॉकलेटला देणार नाही. त्याने एवढंच केलं की बर्फीचा डबा उघडला गेला नाही. डब्यात सध्या ८५ च्या सहा वड्या उरल्यात. पुढचं पाकीट जूनमध्ये, पाऊस पडल्यावर.