पुण्यात राहू की बेळगावात परत येऊ?

सात वर्षं पुण्यात काढली. तिथं कसं, दुकानाच्या पाटीपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळं मराठीत, मुलांना मराठी शाळा, पगार पण बरा, म्हटलं तर आपलंच राज्य. खरं तोंड उघडलं की लगेच 'तुम्ही कर्नाटकातले काय?' असं विचारतात, आणि मजल्यावरच्या शेजाऱ्याचं नाव मला अजून माहीत नाही.

इकडं बेळगावात, आमच्या वडगावात उलटं. 1956 पासून आपण कर्नाटकात, ऑफिसात अर्ज कन्नडमध्ये, आजोबांनी सीमालढ्यात उमेदीची वर्षं घातली, ते दुखणं घरात अजून आहेच. खरं सकाळी गल्लीत यंत्रमागांची खटखट सुरू झाली की मला बरं वाटतं. शेजारच्या कन्नड अक्का भिंतीवरनं वाटी पुढं करतात, त्यात गरम एण्णगायी, म्हणजे भरली वांगी, देठाला मसाला चिकटलेला, आणि आई तीच वाटी रिकामी कधीच परत देत नाही, कायतरी घालूनच देते. 'कधी आलास रे?' असं चार घरांतनं विचारतात, पुण्यात कोण विचारतंय?

पैशाचा हिशोब केला तर पुणंच. मी तरी येतोय परत, आईला कालच फोनवर सांगितलं, ती म्हणाली माडीवरची खोली झाडून ठेवते.