ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: काही महिने वापरल्यानंतर (आणि पी०१७१ कोडबद्दल)

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा आणि फोनवरच्या अ‍ॅपशी ब्लूटूथने जोडला जाणारा हा छोटा ओबीडी स्कॅनर मी बरेच महिने वापरतोय. ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःचे दोष शोधून कोड नोंदवणारी यंत्रणा, आणि स्कॅनर ते कोड वाचतो. जोडणी सोपी आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. त्याची खरी किंमत कळली ती चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा.

कोड आला पी०१७१, म्हणजे बँक १ चं (इंजिनच्या पहिल्या सिलिंडरच्या बाजूचं) मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. अ‍ॅपने खाली लगेच सुचवलं, ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदला. असल्या सूचनेवर विसंबून सुटे भाग विकत घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. कोड फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरला काय दिसलं ते सांगतो. ते का झालं, हे आपल्याला शोधावं लागतं. बहुतेक वेळा हा सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो.

शोधायचं कसं, तर लाइव्ह डेटामधल्या (इंजिन चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांमधल्या) फ्युएल ट्रिमवरून. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ राखायचं असतं. त्यासाठी कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हा आकडा दाखवतो. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम, अधिक-उणे १० पर्यंत सहसा चिंता नसते. यात शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणीची दुरुस्ती आणि लाँग टर्म म्हणजे हळूहळू शिकलेली कायमची दुरुस्ती. माझ्या गाडीत आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) लाँग टर्म ट्रिम अधिक २० च्या पुढे होता, पण २५०० आरपीएमवर शॉर्ट टर्म उणे होऊन दोन्हींची बेरीज एक आकडी झाली. यातच उत्तर होतं. कुठूनतरी शिरणारी जादा हवा आयडलला मोठा फरक पाडते, कारण तेव्हा इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं. वेग वाढला की तिचा वाटा नगण्य होतो. उलट ट्रिम लोडवर (इंजिनवर ताण असताना) वाढत गेला असता, तर संशय फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेल्या एअर फ्लो सेन्सरवर गेला असता.

बोनेट उघडून पाहिलं तर पीसीव्हीचा (इंजिनच्या आतले वायू परत हवेच्या मार्गात नेणारा) रबरी होज वाकणाच्या आतल्या बाजूने चिरला होता. तो बदलल्यावर ट्रिम जागेवर आला, कोड परत आलेला नाही.

तक्रारी दोन. ब्लूटूथवर एकाच वेळी बरेच आकडे लावले की ते रेंगाळत येतात, म्हणून मी मोजकेच लावतो. आणि गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा, तो बॅटरी खात राहतो.

घेताना लाइव्ह डेटा आणि फ्रीझ फ्रेम दोन्ही दिसतात ना, हे नक्की तपासा. फ्रीझ फ्रेममध्ये कोड आला त्या क्षणीचे आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान साठवलेलं असतं. कोड क्लिअर केला की तेही पुसलं जातं, त्यामुळे आधी स्क्रीनशॉट घ्या. क्लिअर केल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही नव्याने सुरू होतात. प्रदूषण चाचणीत ओबीडी वाचत असतील, तर त्या पूर्ण होईपर्यंत गाडी चालवा आणि मगच चाचणीला न्या.