ड्रॅग सूटच्या नावाखाली माझे १४,५४९ रुपये गेले

पोहण्याचं सामान विकतो म्हणणाऱ्या एकाच्या मेसेजमध्ये चक्क लिहिलं होतं, 'फिना अप्रूव्हड ड्रॅग सूट'. फिना म्हणजे पोहण्याची जागतिक संघटना. माझी पोरगी, वय १३, माझ्या खांद्यावरनं मोबाईलमध्ये डोकावली आणि म्हणाली, "पप्पा, ड्रॅग सूट घालून रेस कोण पोहतंय? त्याला अप्रूव्हल कशाला?"

मी म्हटलं, "तू अभ्यासाला बस."

तिथंच थांबलो असतो तर एक रुपया गेला नसता. मान्यता लागते ती रेसच्या कॉस्च्युमला. ड्रॅग सूट म्हणजे जाळीचा ढगळ कपडा, सरावात कॉस्च्युमवर चढवायचा, पाणी अडून ओढ वाढावी म्हणून. त्यात फिनाचं नाव २०२३ सालीच वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स झालंय. हे मला नंतर कळलं, तेही पोरीकडनंच.

नंबर पालकांच्या ग्रुपवर आला होता, म्हणून शंका आली नाही. शिवाय गडी बोलायला पट्टीचा. "ऑलिंपिक पोहणाऱ्या वीरधवल खाडेच्या गावची पोरं तुमची, सर," म्हणाला. कोल्हापूरचा माणूस तिथंच पाघळतो. ड्रॅग सूट ३,२००, कमरेला बांधायचं पॅराशूट २,१५०, हातातली पॅडल्स आणि पायांत धरायचा पुल बॉय मिळून १,४५०. ६,८०० पाठवले. दोन दिवसांनी, माल मुंबईत कस्टमला अडकलाय, ४,७५० भरा, डिलिव्हरीला परत मिळतील. भरले. मग विम्याचे २,९९९. तेही भरले. हसा खुशाल! पण ६,८०० अडकल्यावर तुम्ही काय केलं असतं? आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली.

यूपीआयवर पिन टाकायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं. मला तिन्ही वेळा वेगळं दिसलं, दुकानाचं एकदाही नाही. ते नाव वाचत जा रे बाबांनो.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन लावला तो दोन दिवसांनी, लाजेपायी. तिथंच घात झाला, तोवर पैसे पुढच्या खात्यातनं पुढं गेलेले. लाज नंतर वाटून घ्या, फोन आधी करा. बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकलाय की." ठाण्यात तासभर बाकड्यावर बसवलं आणि सायबरला जा म्हणाले. सायबरला गेलो, तर साहेब जेवायला. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि विचारलं काय, तर "चौदा हजारच ना?" चौदा हजार*च*! माझ्या पगारातनं गेलेत साहेब, तुमच्या नाही. वर अर्ज पुन्हा लिहून आणा, स्क्रीनशॉट रंगीत पाहिजेत, झेरॉक्स दोन. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, विचारलं तर त्यांना कंपनीचं नाव पाहिजे. कंपनी असती तर रडलो कशाला असतो? चॅट मात्र डिलीट करू नका, मी रागानं अर्धं उडवलं आणि तेच नेमकं मागितलं.

शेवटी पोरीच्या कोचना सांगितलं. ते माझ्यावरच भडकले. "तिला पॅराशूट कुणी सांगितलं? दमली की कोपर पडतं, कंबर खाली जाते, खांदा धरतो. आधी स्ट्रोक बसू दे. फारच हौस असेल तर जुना सैल झालेला कॉस्च्युम वरनं घाल, तोच ड्रॅग सूट." आमच्या कपाटात असले तीन पडून होते. बायको त्यातल्या एकानं गाडी पुसायची.

काल दुसऱ्या एका ग्रुपवर तोच फोटो आलाय, नंबर नवा, आणि खाली पुन्हा 'फिना अप्रूव्हड'.